पान्हा आणि ताण : स्वमग्न मुले व ऑक्सिटोसिनचे प्रयोग



शरीरशास्त्रावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे या सभेत कोणी विचारले तर आम्हाला निमूटपणे खाली बसावे लागेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते मागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि या गावच्या वाचनालयात झाले. पण कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. हिशेब पुढे आला की तो स्वतः तपासल्याखेरीज सही करायची नाही, ही ती खोड. ती एकदा आम्ही मोडली, आणि त्या प्रसंगातूनच आजचा विषय निघाला आहे.

आमच्या वस्तीतला एक जॉबर, हाताने कसबी, स्वभावाने अबोल, एके संध्याकाळी पतपेढीचा कर्जाचा अर्ज घेऊन कचेरीत आला. त्याचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. मोजके शब्द बोलायचा. नजरेला नजर देत नसे. कांडीच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या एका रांगेत लावण्यात तासन् तास घालवायचा, आणि त्या रांगेला कोणाचा धक्का लागला तर अर्धा अर्धा तास किंचाळायचा. माग जोरात चालू झाले की कानांवर हात घट्ट दाबून खाटेखाली शिरायचा. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ असे निदान केले होते. मराठीत त्याला आपण स्वमग्नता म्हणतो. कोणा ओळखीच्याने जॉबरला सांगितले की परदेशी बनावटीचा एक फवारा मिळतो. तो नाकात मारला की मूल शांत होते, माणसांत येते, आईला बिलगते. त्या फवाऱ्यात ‘प्रेमाचे हॉर्मोन’ असते म्हणे. दरमहा लागणारी रक्कम त्याच्या पगाराचा मोठा घास घेणारी होती. बापाच्या डोळ्यांतली आशा पाहून आम्ही शिफारस लिहिली आणि जामीन म्हणून सहीही केली. फवाऱ्यात खरोखर काय असते हे पाहायला आम्ही बसलो, ते सहीनंतर.

आधी स्वमग्नतेविषयी दोन शब्द. 1943 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. एकटे राहण्याकडे ओढ, सारे काही जसेच्या तसे राहावे असा हट्ट, आणि बोलण्याची वेगळीच तऱ्हा, असे त्या मुलांचे वर्णन होते. त्याच्याही आधी, 1925 च्या सुमारास, रशियात ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी अशाच मुलांचे बारकाईने वर्णन केले होते, पण त्यांचे नाव पुष्कळ काळ कोणी घेतले नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 सालचा अंदाज असा की जगात सुमारे 127 माणसांमागे एक जण स्वमग्न असतो. तेव्हा या सभागृहातही एखाद दुसऱ्या घरची ही गोष्ट असणार.

पुढच्या काळात एक वाईट गोष्ट घडली. आई थंड, मायेचा ओलावा नसलेली, म्हणून मूल असे झाले, अशी समजूत पसरली. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने ती आणखी पक्की केली. वस्तुतः बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, 1964 मध्येच तिच्याविरुद्ध पुस्तक लिहिले होते. आज ती समजूत शास्त्राने पार टाकून दिली आहे. स्वमग्नता जन्मतःच्या घडणीत असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. पण आमच्या आळीत आजही लोक आईकडेच बोट दाखवतात. ‘प्रेमाचे हॉर्मोन’ या शब्दाची आम्हाला धास्ती वाटते ती एवढ्याचसाठी. आईची माया कमी पडली हे जुने बोलणे रसायनशास्त्राची टोपी घालून पुन्हा दाराशी यायचे.

आता ताण. हा शब्द आम्हा मागवाल्यांना कोणी शिकवायला नको. उभ्या सुताला ताण नसेल तर सूत गुंतते, धोटा अडकतो, कापड होतच नाही. ताण जास्त झाला तर सूत तुटते. शरीराचेही थोडेफार तसेच आहे. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये दाखवले की इजा असो, थंडी असो वा विष असो, उंदराचे शरीर या सर्वांना एकाच ठरावीक तऱ्हेने उत्तर देते. मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग आहे. तो धोक्याची वर्दी खालच्या पीयूषिका ग्रंथीला देतो, ती ग्रंथी रक्तावाटे मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडते, आणि त्या कॉर्टिसॉल नावाचा स्राव सोडतात. कॉर्टिसॉल शरीराला इंधन मोकळे करून देते. ते सकाळी उठताना अधिक असते आणि रात्री उतरते, जणू शरीराची दिवसपाळी. लाळेच्या थेंबावरून ते मोजता येते, म्हणून मुलाला सुई न टोचता त्याच्या ताणाचा थोडाफार माग काढता येतो. कॉर्टिसॉल म्हणजे शत्रू नव्हे. धोका टळल्यावर ते खाली यायला हवे, आणि खरी अडचण ते उतरत नाही तेव्हा होते.

स्वमग्न मुलांत ही चढउतार कशी असते, यावर बरेच संशोधन झाले आहे. सगळ्यांचे निकाल सारखे नाहीत, कारण सगळी मुलेही सारखी नाहीत. तथापि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इतरांना ज्याचे काहीच वाटत नाही, असे नवे ठिकाण, अनोळखी आवाज, अचानक बदललेला क्रम, त्याने यांतील पुष्कळ मुलांचे शरीर धोक्याची घंटा वाजवू लागते. अमेरिकेतील ब्लाइथ कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 ते 12 वर्षांची मुले मैदानावर इतर मुलांबरोबर खेळत असताना त्यांचे कॉर्टिसॉल मोजले. तो अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्न मुलांत, विशेषतः त्यांतल्या मोठ्यांत, खेळतानाच ते चढलेले आढळले. मधली सुट्टी म्हणजे मोकळीक, असे आपण धरून चालतो. काही मुलांना ती तासापेक्षाही जड जात असते.

ऑक्सिटोसिनकडे येण्यापूर्वी आम्ही आपल्याला गोठ्यात नेतो. पान्हा हा शब्द तर आपल्या भाषेतला फार जुना. वासराने ढुशी दिली, कास चाटली की गाय पान्हा सोडते. ही क्रिया ज्या द्रव्याने घडते तेच ऑक्सिटोसिन. मेंदूच्या त्याच तळच्या भागात ते तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या पाळीतून रक्तात उतरते. 1906 साली इंग्लंडात हेन्री डेल यांना आढळले की या ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. या द्रव्याच्या ग्रीक नावाचा अर्थही ‘शीघ्र प्रसूती’ असाच आहे. 1953 मध्ये अमेरिकेतील व्हिन्सेंट दु विन्यो यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनवले. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ती साखळी. 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी आज साऱ्या जगात हे औषध दिले जाते आणि त्याने असंख्य बायांचे प्राण वाचवले आहेत. त्याची ही कामगिरी वादातीत आहे.

पण गोठ्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हे गवळ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. 1941 साली एली आणि पीटरसन या संशोधकांनी दोहण्याच्या वेळी गाईजवळ कागदी पिशव्या फोडून, तिच्या पाठीवर मांजर ठेवून तिला मुद्दाम भेदरवले, आणि दूध उतरेना हे पाहिले. भीतीने सुटणारे द्रव्य पान्ह्याच्या आड येते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. म्हणजे भीती आणि ऑक्सिटोसिन यांची ओढाताण नवी नाही. आपल्याकडच्या काही तबेल्यांत तिच्यावर तोडगा म्हणून म्हशीला सरळ सुई टोचतात. हे बेकायदा आहे, आणि ज्यांनी तबेल्यात काम केले आहे त्यांनी ते पाहिलेलेही आहे. सुईने दूध उतरते. म्हैस मात्र होती तशीच दावणीला बांधलेली, रेडकू नसलेली आणि धास्तावलेली राहते. श्रोत्यांनी हे चित्र थोडा वेळ मनात ठेवावे.

ताण उतरवण्यात ऑक्सिटोसिनचा हात आहे याला पुरावे आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अंगावर पाजणाऱ्या आयांना फिरत्या पट्ट्यावर चालवले, तेव्हा त्यांचे कॉर्टिसॉल इतर स्त्रियांपेक्षा कमी चढले. त्याहून बोलका प्रयोग 2003 सालचा, मार्कुस हाइनरिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. 37 निरोगी पुरुषांना परक्या मंडळींसमोर भाषण करायला आणि तोंडी गणित सोडवायला लावले. (या क्षणी आमचे कॉर्टिसॉल कोणी मोजले तर त्यालाही चांगला आकडा मिळेल.) काहींच्या नाकात आधी ऑक्सिटोसिनचा फवारा मारला होता, काहींच्या नाकात नुसताच फवारा. शिवाय काहींना तयारीच्या वेळी जिवलग मित्र सोबत दिला होता, काहींना एकटे ठेवले होते. ज्यांना फवाराही मिळाला आणि मित्रही, त्यांचे कॉर्टिसॉल सर्वांत कमी राहिले. हा निकाल वाचला तेव्हा आम्ही वाचनालयातल्या बाकावर तसेच बसून राहिलो. लोकांनी यातला फवारा तेवढा उचलला आणि मित्राला विसरले.

त्यानंतर फवाऱ्याचे दिवस आले. 2005 साली झुरिच येथे पैशाच्या एका खेळात ऑक्सिटोसिन घेतलेल्या माणसांनी परक्यावर अधिक विश्वास टाकला, अशी बातमी जगभर गाजली. 2020 मध्ये तोच प्रयोग अधिक माणसांवर, अधिक काटेकोरपणे केला तेव्हा तो परिणाम तसा दिसला नाही. ही दुसरी बातमी किती जणांच्या कानावर आली? मधल्या पंधरा वर्षांत स्वमग्न मुलांच्या आईबापांपर्यंत पोचली ती पहिलीच.

औषध खरे की खोटे हे कसे ठरवतात, ते येथे थोडक्यात सांगू, कारण साऱ्याची मेख तेथे आहे. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करायचे. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे लुटुपुटीचे औषध. कोणाला काय मिळाले हे आईबापांना कळू द्यायचे नाही आणि डॉक्टरांनाही नाही. इतका खटाटोप कशासाठी? तर आशेलाही गुण येतो. 1998 मध्ये सिक्रेटिन नावाच्या दुसऱ्या एका संप्रेरकाची अशीच हवा झाली होती. पोटाच्या तपासणीसाठी ते दिलेली तीन स्वमग्न मुले सुधारली, असे प्रसिद्ध झाले आणि आईबापांची रीघ लागली. 1999 मध्ये 60 मुलांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. दोन्ही गट सारखेच सुधारले, म्हणजे औषधाचा गुण शून्य. हा निकाल सांगितल्यावरही त्यांतल्या 69 टक्के पालकांना ते औषध हवेच होते. या आकड्याला आम्ही हसणार नाही. सही आम्हीही केली होती.

ऑक्सिटोसिनचेही तसेच झाले. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे 31 लहान मुलांवर केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला आणि थोडी सुधारणा दिसली. उमेद वाढली. मग अमेरिकेत लिनमरी सिकिच यांच्या पुढाकाराने मोठा प्रयोग झाला. 3 ते 17 वर्षांची 290 मुले आणि 24 आठवडे रोजचा फवारा. 2021 साली निकाल आला. अलिप्तपणा मोजण्याच्या मापात औषधाच्या गटाची सरासरी 3.7 ने उतरली, लुटुपुटीच्या गटाची 3.5 ने. हा फरक फरक म्हणण्याजोगा नव्हे.

बेल्जममधील लूव्हन विद्यापीठात कात आलार्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 ते 12 वर्षांच्या 80 मुलांवर काम केले. दिवसातून दोनदा 12 एकके, असे चार आठवडे. मुले लोकांत मिसळतात किती, या मुख्य प्रश्नावर 2023 मध्ये त्यांनीही उत्तर दिले की औषध सरस ठरले नाही. पण त्यांनी तेवढ्यावर वही मिटली नाही. 2024 मध्ये लाळेच्या तपासणीचे निकाल त्यांनी प्रसिद्ध केले. शेवटच्या फवाऱ्यानंतर पूर्ण दिवस उलटला तरी मुलांच्या लाळेत ऑक्सिटोसिन वाढलेले होते. हे द्रव्य रक्तात टिकते फार तर काही मिनिटे, तेव्हा हे केवळ फवाऱ्याचे उरलेसुरले नसावे. मुलाच्या स्वतःच्या यंत्रणेलाच चालना मिळाली असावी, असे ते मानतात. ज्यांच्यात ही वाढ जास्त, त्यांच्यात आपल्या माणसांजवळ सुरक्षित वाटण्याची भावनाही जास्त आढळली. मात्र फवारा थांबवून चार आठवडे लोटल्यावर ती वाढ लाळेत उरली नव्हती.

या साऱ्यात आमच्या नजरेला विशेष वाटलेली गोष्ट निराळी आहे. लूव्हनच्या मुलांपैकी ज्यांना त्याच काळात समजूतदार माणसांकडून शिकवण आणि आधार मिळत होता, त्यांच्यात फवाऱ्याचा काही गुण दिसला. चीनमधील चेंगदू येथे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या, 41 मुलांच्या प्रयोगात दिवसाआड फवारा देऊन लगेच मुलाशी प्रेमाने खेळायचे, असा क्रम ठेवला होता. तेथेही सुधारणा नोंदली गेली. हे प्रयोग लहान आहेत आणि मोठ्या प्रयोगाच्या आगीतून अजून निघायचे आहेत. पण त्यांचा रोख 2003 च्या त्या मित्राकडेच जातो. ऑक्सिटोसिन माया निर्माण करीत नाही. आजूबाजूला जे चालले असेल त्याकडे ते मेंदूचे लक्ष वळवते, असे पुष्कळ संशोधकांचे मत आहे. आजूबाजूला खडखडाट, आरडाओरडा आणि धाक असेल तर लक्ष कशाकडे वळणार? म्हणून ती दावणीची म्हैस आम्ही ध्यानात ठेवायला सांगितली. संशोधकांनी आपले काम अवश्य चालू ठेवावे. परंतु स्वमग्नतेवरचा उपचार म्हणून हा फवारा अजून सिद्ध झालेला नाही, आणि ज्याच्या घरात दोन पाळ्यांशिवाय चूल पेटत नाही त्याने तो कर्ज काढून आणावा, असे आम्ही आज मुळीच म्हणणार नाही.

त्या जॉबरच्या घरी फवारा अडीच महिने चालला. पहिल्या पंधरवड्यात आईला वाटले, पोर शांत झाले. पुढे वाटेनासे झाले. ते औषध थंडाव्यात जपावे लागते. त्यांच्या घरी फ्रीज नव्हता, बाटली शेजारच्या घरी असे, आणि रोज दोनदा मुलाला परक्या घरात न्यावे लागे. त्या जाण्यायेण्यानेच तो कावराबावरा होई. मग एके दिवशी आम्ही तिला भलताच प्रश्न विचारला. मुलगा सर्वांत जास्त केव्हा बिघडतो? तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “सोमवारी, साहेब. ह्यांची पाळी बदलते ना.”

आपल्याकडे पाळी आठवड्याने फिरते. एक आठवडा बाप दिवसा घरात नाही, पुढच्या आठवड्यात दिवसभर झोपलेला, आणि त्याच्यासाठी सगळ्यांनी दबक्या पावलांनी वावरायचे. ज्या मुलाला नळ्यांच्या रांगेतली एक नळी हललेली खपत नाही, त्याचा बापच दर सोमवारी हलत होता. केंद्र सरकारच्या नोकरीत स्वमग्न मुलाची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला 2014 पासून फिरत्या बदलीतून सूट मागता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये यातले काहीच पोचलेले नाही. आम्ही मालकाकडे गेलो. पहिल्यांदा हाकलले गेलो. दुसऱ्यांदा आम्ही बोनसच्या बोलणीतच कायम पाळीचा मुद्दा घातला. काही सहकारी कुरकुरले, एका पोरासाठी सगळ्यांचे बोलणे का अडवता, असे म्हणाले. त्यांचेही अगदीच चुकीचे होते असे नाही. शेवटी तिघा जॉबरांनी आपापसांत रात्रपाळ्या वाटून घेतल्या आणि याला कायमची दिवसपाळी मिळाली. खाट मागाच्या भिंतीपासून हलवून मागच्या खोलीत नेली. शाळेच्या बाईंनी मधल्या सुट्टीत त्याला ग्रंथालयात बसू दिले, एका मुलाच्या सोबतीने.

मुलगा बरा झाला, असे आम्ही सांगत नाही. अजून मोजकेच बोलतो, अजून नळ्या लावतो. किंचाळणे कमी झाले आहे आणि रात्री तो झोपतो, एवढे त्याची आई सांगते. हे पाळीमुळे, खाटेमुळे की वय वाढल्यामुळे, हे चिठ्ठ्या न टाकता कोणी सांगू शकणार नाही, आणि ते सांगण्याचा हट्ट आम्हीही धरणार नाही. कर्जाचे शेवटचे तीन हप्ते राहिले आहेत. संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो, त्याच्या जरा आधीच तो उंबऱ्यावर येऊन बसतो, आणि बाप आला की त्याच्या खिशातली दिवसभरातली रिकामी नळी काढून घेऊन आत जातो.